छोट्या बाटलीवरही घटकांची यादी छापलीच पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांमधून चेहऱ्याच्या त्वचेची निगा या विषयावर वरचेवर मजकूर येतो आणि तो मनापासून वाचला जातो, हे मी मुलुंडच्या ज्या औषधांच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून काम करते, तेथील काउंटरवरून पाहत असते. रविवारी एखाद्या घटकाचे नाव छापून आले की सोमवारपासून त्याची विचारणा सुरू होते. नायसिनामाइड, हायल्युरॉनिक ॲसिड, रेटिनॉल ही नावे आता कॉलेजात जाणाऱ्या मुलींइतकीच त्यांच्या आयांनाही पाठ झाली आहेत. मात्र घटकाचे नाव ठाऊक असणे वेगळे आणि दोन बाटल्या शेजारी ठेवून त्यांतील कोणती घ्यावी हे ठरवता येणे वेगळे. हे ठरवायला ग्राहकाच्या हाती एकच साधन आहे, ते म्हणजे वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी. आणि ज्या मालावर ही यादी सर्वांत जास्त हवी, नेमक्या त्याच मालावर ती छापण्याचे बंधन आपल्या कायद्यात नाही. त्यासंबंधी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे आणि सौंदर्यप्रसाधनांसाठीचे स्वतंत्र नियम २०२० साली आले. त्या नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. ज्या घटकांचे प्रमाण १ टक्क्याहून जास्त आहे ते उतरत्या क्रमाने, म्हणजे सर्वांत जास्त असलेला पहिला अशा रीतीने लिहायचे, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहायचे, अशी ही रीत आहे. नियम चांगला आहे. मात्र त्याला जोडूनच अशी सूट दिली आहे की द्रव पदार्थाचा पॅक ६० मिलिलिटरपेक्षा कमी असेल, किंवा घन व अर्धघन पदार्थाचा ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर यादी छापली नाही तरी चालेल. ही तरतूद जुन्या नियमांपासून चालत आलेली आहे. त्या काळी छोटा पॅक म्हणजे नमुन्याची बाटली किंवा प्रवासात न्यायची ट्यूब एवढाच अर्थ होता, त्यामुळे तेव्हा ती कोणाला खटकली नसावी. आज चेहऱ्याला लावायचे सीरम बहुधा ३० मिलिलिटरच्या बाटलीतच येते. तीव्र ॲसिडे, रेटिनॉल, क जीवनसत्त्व हे सारे, म्हणजे त्वचेवर परिणाम करण्याची आणि चुकीचे वापरल्यास अपाय करण्याचीही ताकद असलेले घटक, याच आकारात विकले जातात. मोठ्या डब्यातल्या साध्या मॉइश्चरायझरला यादीचे बंधन आहे आणि २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडच्या बाटलीला ते नाही, असा हा उलटा न्याय आहे.

यात आणखी एक अन्याय आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. २५ ग्रॅमची, १५ ग्रॅमची ट्यूब किंवा एकदोन रुपयांची पुडी कोण घेते? महिन्याचा हिशोब सांभाळून स्वतःसाठी थोडे पैसे बाजूला काढणारी बाई घेते, नुकतीच कामाला लागलेली मुलगी घेते. जिला मोठा पॅक परवडतो तिला माहिती मिळते आणि जिला परवडत नाही तिला माहितीही मिळत नाही. अनेक कंपन्या सूट असूनही छोट्या बाटलीवर यादी छापतात, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. यादी छापण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही, हेही त्यावरूनच सिद्ध होते.

यादी हाती आली तर सामान्य ग्राहकाला तिचा उपयोग काय, असा प्रश्न काही जण करतात. उपयोग पुष्कळ आहे, आणि त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. यादीतील पहिली पाच-सहा नावे म्हणजे त्या क्रीमचा मुख्य भाग. बहुतेक क्रीम्समध्ये पहिले नाव पाण्याचे असते, त्यानंतर ग्लिसरीन, एखादे तेल किंवा मिनरल ऑइल, आणि मलमाला घट्टपणा देणारे सिटोस्टेअरिल अल्कोहोलसारखे पदार्थ येतात. (हे अल्कोहोल मेणासारखे असते आणि त्वचा मऊ ठेवते, त्याला घाबरण्याचे कारण नाही. त्वचा कोरडी करणारे अल्कोहोल ‘अल्कोहोल डिनॅट’ या नावाने लिहिलेले असते.) पुढे कुठेतरी फिनॉक्सिएथेनॉल हे नाव येते. हा मलम टिकवणारा पदार्थ, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह आहे. युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का ठरलेली आहे आणि उत्पादक सर्वसाधारणपणे तिच्या आतच राहतात. म्हणजे त्याच्या पुढे जी नावे येतात त्यांचे प्रमाण १ टक्का किंवा त्याहून कमी आहे, असे धरून चालायला हरकत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी बाजारातल्या निम्म्या जाहिरातींचा उलगडा होतो. वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर केशराच्या काड्या आणि बदाम रंगवलेले असतात आणि मागे केशराचा अर्क व बदामाचे तेल फिनॉक्सिएथेनॉलच्याही नंतर, सुगंधाच्या शेजारी जाऊन बसलेले असतात. दोन निरनिराळ्या किमतींच्या क्रीम्सची पहिली सात-आठ नावे त्याच क्रमाने आलेली मी कितीतरी वेळा ग्राहकांना दाखवली आहेत. प्रत्येकाचे नेमके प्रमाण यादीवरून कळत नाही, परंतु किमतीतील फरक कशामुळे आहे हा प्रश्न तरी मनात उभा राहतो. पॅकवर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही छापलेली असते, तीही यादीसोबत पाहावी.

अर्थात यादीच्या शेवटी असणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो, हे सांगितले नाही तर वाचकांची दिशाभूल होईल. रेटिनॉल १ टक्क्याच्या आतच वापरले जाते. युरोपीय महासंघाने तर चेहऱ्याच्या प्रसाधनांसाठी ०.३ टक्के ही मर्यादा घातली आहे. हायल्युरॉनिक ॲसिड किंवा त्याचे क्षाररूप सोडियम हायल्युरोनेट १ टक्का घातले तरी पाणी जेलीसारखे घट्ट होते, त्यामुळे ते यादीत खाली असणारच. याउलट नायसिनामाइड खाली असेल तर मात्र विचार करावा, कारण ज्या अभ्यासांमुळे त्याची ख्याती झाली त्यांतील बहुतेकांत ते २ ते ५ टक्के होते. हेच कारण १० टक्क्यांच्या बाटलीलाही लागू पडते. दुप्पट प्रमाण म्हणजे दुप्पट गुण असा समज काउंटरवर रोज दिसतो. प्रत्यक्षात प्रमाण वाढले की आग होणे, लाली येणे या तक्रारी वाढतात आणि लाभ त्या हिशोबाने वाढत नाही.

क जीवनसत्त्वाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शुद्ध रूपातील एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड साधारण १० ते २० टक्के असावे लागते आणि द्रावण पुरेसे आम्लयुक्त, म्हणजे ३.५ पेक्षा कमी पीएचचे असावे लागते, तरच ते त्वचेत शिरते. हवा, उजेड आणि उष्णता यांनी ते लवकर बिघडते. पारदर्शक बाटलीतले द्रावण पिवळ्यावरून तपकिरी होऊ लागले की त्याचे काम संपत आले असे समजावे. मुंबईच्या उकाड्यात खिडकीतल्या फळीवर ठेवलेल्या बाटलीचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड ही त्याची अधिक टिकाऊ रूपे आहेत. त्यांचा परिणाम सौम्य असतो. दर्शनी बाजूला तिन्ही-चारही बाटल्यांवर ‘व्हिटॅमिन सी’ एवढेच मोठ्या अक्षरांत असते. त्यांतील फरक फक्त यादीत आहे, आणि यादी छापायची सक्ती नाही.

सनस्क्रीनच्या बाबतीतही तसेच. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर पांढरट थर सोडतात म्हणून पुष्कळ जण ती टाळतात. परंतु गालांवर वांग असलेल्या स्त्रियांना दृश्य प्रकाशापासूनही जपावे लागते, आणि त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित रंग असलेले सनस्क्रीन उपयोगी पडते. हा घटक आहे की नाही हे एसपीएफच्या, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या, आकड्यावरून कळत नाही.

‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर वेष्टनावर छापायलाच मनाई असावी असे मला वाटते, कारण पाणीही रसायनच आहे आणि असे वेष्टन ग्राहकाला केवळ भीती विकते. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हविषयीची भीतीही अशीच अंगवळणी पडली आहे. पावसाळ्यात चपला आणि पुस्तकांवर बुरशी धरते त्या शहरात पाण्याचा अंश असलेले क्रीम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकणार नाही. रोज बोटे घातल्या जाणाऱ्या डबीत जंतू वाढू देण्यापेक्षा मर्यादेत वापरलेले मिथाइलपॅराबेन पुष्कळ बरे. जपायचे असेल तर सुगंधापासून जपावे. यादीत नुसते ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ लिहिलेले असते आणि त्यामागे अनेक पदार्थ असू शकतात. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल अशा, ॲलर्जी करू शकणाऱ्या सुगंधी पदार्थांची नावे युरोपात ठरावीक प्रमाणापुढे वेगळी छापावी लागतात. ज्यांना एकदा पुरळ उठले आहे त्यांना पुढच्या वेळी काय टाळायचे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आयुर्वेदिक परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या क्रीम्सवर प्रत्येक १० ग्रॅममध्ये कोणती वनस्पती किती आहे, हे वनस्पतिशास्त्रीय नावासह आणि प्रमाणासह छापलेले असते. हळद म्हणजे कुर्कुमा लाँगा, कडुनिंब म्हणजे ॲझाडिराक्टा इंडिका. प्रमाणाच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रसाधनांपेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्याच यादीच्या शेवटी पुष्कळदा ‘क्रीम बेस, आवश्यक तेवढा’ एवढीच नोंद असते. क्रीमचा मोठा भाग त्या बेसचाच असतो आणि त्यातील तेल, प्रिझर्व्हेटिव्ह व सुगंध यांविषयी ग्राहक अंधारात राहतो.

आता ज्या बाबतीत मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे त्याकडे वळते. गोरे होण्यासाठी म्हणून काही मलमांच्या ट्यूब नावानिशी मागितल्या जातात. त्यांच्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल या स्टिरॉइड्सपैकी एखादे नाव असते, आणि काहींत हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनही असते. ही औषधे आहेत, प्रसाधने नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड औषधे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. तरीही मैत्रिणीने सांगितले, शेजारच्या पार्लरमध्ये सुचवले म्हणून ती मागणारे ग्राहक येतातच. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मुरूम बसतात, रंग उजळल्यासारखा वाटतो. मग लावणे थांबवले की चेहरा लाल होतो, आग होते, पुरळ दुपटीने परतते, आणि त्या भीतीने माणूस पुन्हा तीच ट्यूब विकत घेतो. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर केस वाढतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे मोहीम चालवली आहे. मी चिठ्ठीशिवाय ट्यूब देत नाही, तेव्हा माझ्याशी वाद घालून पुढच्या दुकानाकडे निघालेल्या मुलीला थांबवण्यासाठी त्या ट्यूबवरचे ते एक नाव दाखवण्याखेरीज माझ्याजवळ काहीच नसते. ते नाव निदान छापलेले असते म्हणून मी दाखवू शकते.

पाऱ्याच्या क्रीम्सवर तेही नसते. पारा त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, म्हणून गोरेपणाच्या क्रीम्समध्ये तो घातला जातो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो, शिवाय त्याच्या वाफेमुळे घरातील लहान मुलांनाही तो बाधू शकतो. आपल्या नियमांनुसार प्रसाधनात पारा घालण्यास मनाई आहे आणि नकळत आलेल्या पाऱ्याचे प्रमाणही सर्वसाधारण प्रसाधनांत दहा लाखांत एक भाग याहून जास्त चालत नाही. असे असूनही २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे अनेक रुग्ण आढळले आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या वापरात अशी गोरेपणाची क्रीम्स होती, हे तेथील डॉक्टरांनी उघडकीला आणले. असा माल विकणारा कोणीही यादीत पारा लिहिणार नाही, हे उघड आहे. पण ज्या पॅकवर यादी नाही तो नियमबाह्य आहे असे आज छोट्या आकारामुळे म्हणता येत नाही, आणि बेकायदा मालाला याच सुटीची आयती आड मिळते. यादी सर्वांना सक्तीची झाली तर निदान ती नसलेला माल दुकानदाराला, ग्राहकाला आणि निरीक्षकाला एका नजरेत ओळखता येईल. तोपर्यंत वाचकांनी एवढे पाहावे की पॅकवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख आहे ना. माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आहे ना. क्रॉफर्ड मार्केटपासून ते आपल्या स्टेशनबाहेरच्या पथारीपर्यंत कोठेही खरेदी केली तरी ही तपासणी करता येते.

छोट्या पॅकवर जागा नसते, हे उत्पादकांचे म्हणणे टिकणारे नाही. सीरमची बाटली बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यात येते आणि त्या खोक्यावर जाहिरातीसाठी भरपूर जागा सापडते. युरोपात पॅक लहान आहे म्हणून यादी माफ होत नाही; ती बाहेरच्या वेष्टनावर छापतात, तेही शक्य नसेल तर सोबतच्या पत्रकावर देतात आणि बाटलीवर तशी खूण करतात. आपल्याकडेही हे सहज होण्यासारखे आहे.

दुसरी मागणी प्रमाणाची आहे. जो घटक दर्शनी बाजूला नावाने किंवा चित्राने मिरवला जातो, त्याचे प्रमाण टक्क्यांत छापणे बंधनकारक करावे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत हे आपण मान्य केलेलेच आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार, मिश्र पदार्थाच्या पाकिटावर एखादा घटक शब्दांनी किंवा चित्राने ठळक केला असेल तर त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. बिस्किटाच्या पुड्यावरील बदामाला जो नियम लागू आहे, तो क्रीमच्या डबीवरील बदामाला का असू नये?

नियमांत दुरुस्ती करण्याचा अधिकार केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा आहे, तेव्हा मुंबईच्या खासदारांनी हा विषय तेथे मांडावा. बाजारातून नमुने घेऊन ते तपासण्याचे काम मात्र वांद्रे-कुर्ला संकुलातून चालणाऱ्या आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हाती आजही आहे. गोरेपणाच्या क्रीम्समधील पारा आणि न सांगता मिसळलेली स्टिरॉइड्स यांच्यासाठी मुंबईतील घाऊक बाजार आणि पार्लर्स येथून नियमित नमुने घेतले जावेत आणि त्यांचे निष्कर्ष, उत्पादनाच्या व बॅचच्या नावासह, मराठीतून प्रसिद्ध केले जावेत, अशी माझी प्रशासनाला विनंती आहे.

एक विनंती आपल्यालाही आहे. पुरवणीत एखाद्या सीरमची किंवा क्रीमची ओळख करून देताना त्याच्या किमतीबरोबर घटकांची पूर्ण यादी, मुख्य घटकाचे प्रमाण आणि ते कोणी वापरू नये, उदाहरणार्थ गर्भवती स्त्रियांनी रेटिनॉल टाळावे, ही माहिती देण्याचा परिपाठ आपण सुरू करावा. कंपनीने ती पुरवण्यास नकार दिला, तर तेवढेच त्या मजकुरात नमूद करावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
मुलुंड (पूर्व), मुंबई